सात नंबरचा ओलावा

छबुबाईनं टेबलावर डबा ठेवला, तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं, आणि बबिताला आधी दिसली ती माती. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापलेला, त्यात काठापर्यंत काळी माती, ओली, आज पहाटेच शिंपलेली असावी अशी, आणि त्या मातीत नीट उभं रोवलेलं पांढरं प्लास्टिकचं खोकं. खोक्यावर काळ्या शाईनं काढलेला सातचा आकडा बबिताच्याच हातचा होता. दोन वर्षांपूर्वी नांदूरघाटजवळच्या भोकरवस्तीवर, सटवाच्या, म्हणजे छबुबाईच्या नवऱ्याच्या, ज्वारीच्या रानात, बांधापासून वीस पावलं मोजून तिनं स्वतः ते पुरलं होतं. तीन धातूच्या काड्या जमिनीत, वर बोटाएवढी अँटेना. आता मे महिन्यातल्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ते बीडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर कीबोर्डशेजारी उभं होतं. डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेलं भोक होतं. त्यातून पाझरलेलं पाणी तिच्या प्रबंधाच्या छापील प्रतीखाली हळूहळू शिरत होतं आणि तिला प्रत उचलायचं सुचत नव्हतं.

"हे घ्या बाई तुमचं," छबुबाई म्हणाली. "गेटवरचा आत सोडंना. इचारतोय, बॉम्ब हाय का ह्यात? म्या म्हनलं, हाय की, तुझ्यासाठीच आनलाय."

बबितानं खुर्ची पुढे केली. छबुबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. पंचेचाळिशीची बाई, ऊसतोडीनं तळहात काळे पडलेले, पायात नवी कोरी चप्पल, बहुधा बीडला यायचं म्हणून घातलेली. "हे रानातून काढलं कधी तुम्ही?" बबितानं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

"दिवाळीलाच की. टोळी निघाली तवा. समदी वस्ती रिकामी व्हती, रानात ठिवलं तर कुनीबी उपटून न्हेईल. तुमी सही घेतलीती माझी, सांभाळनार म्हनून. अन तुमीच म्हनला व्हता, काड्यांभवतालची माती वाळून सुटू द्यायची न्हाई. मंग डब्यात लावलं, वट्ट्यावर ठिवलं, अन म्हातारीला सांगून गेले, दुसरं काय बी होऊ दे, रोज सकाळी ह्याला एक तांब्या टाकायचा." तिनं सोडलेल्या फडक्याची घडी घातली. "तशी म्हातारी पक्की हाय. पाच म्हैने खंड न्हाई पडू दिला. संकरांतीला ताप आलता, तवा तीन दिस पानी पडलं न्हाई. तेवढं माफ करा म्हनती. अन इचारायला सांगितलंय, बरं चाललं का म्हनावं यंत्र?"

"चांगलं चाललं," बबिता म्हणाली. हे खरं होतं. बावीस खोक्यांत सर्वांत चांगलं हेच चाललं होतं.

"आता आमच्यानं व्हत न्हाई म्हनून आनून दिलं. पुन्याकडं चाललो बांधकामावर, म्हातारीला बी संगं घेऊन. गाई इकल्या. दोनी. चाराच न्हाई तर ठिवून काय करता? छावनी आली न्हाई. हापिसात म्हनत्यात, तुमच्या मंडळात जमिनीला ओल हाय, यंत्र सांगतंय. म्या म्हनलं, आवं यंत्र तर आमच्या वट्ट्यावर हाय, ते तर कदी बोललं न्हाई आमाला. दुसरं आसल कुठलं." ती हसली. "आज पाचला दुसरी यादी लागायची म्हनं. अकरा घरांत जनावरं हायती अजून. नाव आलं तर ऱ्हातील, न्हाई तर रविवारी बाजार."

बबितानं परतीचा फॉर्म काढला, छबुबाईनं आपल्या नावापुढे सावकाश, अक्षर कोरल्यासारखी सही केली. 'वस्तू चालू स्थितीत परत मिळाली' ही ओळ छापीलच होती. चहा नको म्हणून, आपला मोबाइल नंबर बबिताच्या वहीत लिहून, बाराची गाडी गाठायला छबुबाई निघून गेली. जिन्यावर तिच्या नव्या चपलांचा करकर आवाज उतरत गेला. मग बबितानं, खरं तर कशासाठी ते न कळता, सवयीनं कीबोर्ड ओढला आणि रोजचा प्रश्न टाकला: भोकरवस्ती, नोड सात, जमिनीचा ओलावा. अर्ध्या सेकंदात हिरव्या अक्षरांत उत्तर आलं. ३१.२ टक्के. खात्री ९५.

खोकं हातभर अंतरावर होतं. त्याच्या रेडिओची पोहोच फार तर पाव किलोमीटर. आज सकाळी एसटीत बसल्यापासून त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. वस्तीवरच्या शाळेच्या छपरावर बसवलेल्या मुख्य यंत्राला नाही, शेजारच्या रानांतल्या खोक्यांना नाही. तरी उत्तर आलं होतं, कारण उत्तर यावं अशीच तिनं सोय केली होती. सात वर्षं तिनं याच एका गोष्टीवर घालवली होती. रानात पुरलेल्या खोक्याला प्रश्न विचारला की त्याला जागं व्हावं लागतं, मोजावं लागतं, बोलावं लागतं, आणि बोलण्यात बॅटरी जाते. विचारणं महाग असतं. म्हणून सगळ्यांना विचारू नये. ज्याचं उत्तर स्थिर असतं त्याला विचारावं आणि त्यावरून शेजाऱ्यांचा अंदाज बांधावा. शेजाऱ्यानं उत्तर दिलं नाही तर निरोप वाटेत हरवला असं धरावं आणि अंदाजच उत्तर म्हणून द्यावा. एखादा मुळीच बोलेनासा झाला तरी विचारणाऱ्याला ते कळूही नये, त्याचं काम अडू नये. तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर हे गुण म्हणून लिहिलं होतं. परदेशातल्या परीक्षकानं त्या वाक्याखाली रेघ मारून 'सुंदर' असा शेरा दिला होता. सोमवारी तोंडी परीक्षा होती. त्यानंतर, आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर, ती या कॉलेजात कायम होणार होती.

तिनं पाण्यातून प्रबंध उचलला. खालची पानं फुगली होती. तिनं चौथं प्रकरण उघडलं, कारण तिला आता ते बघावंच लागणार होतं. तिथं सातव्या नोडचा आलेख होता, नोव्हेंबर ते मार्च, करवतीच्या दात्यांसारखा. रोज सकाळी साडेसातच्या सुमारास रेघ किंचित वर चढायची, संध्याकाळपर्यंत खाली यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला वर. या चढाला तिनं नाव दिलं होतं: दैनंदिन चक्र. कारण म्हणून पहाटेचं दव, जमिनीचं तापमान आणि काळ्या मातीचा ओल धरून ठेवण्याचा गुण, अशी तीन वाक्यं आणि चार संदर्भ दिले होते. जानेवारीच्या मध्यात तीन दिवस दाते नव्हते. ते तीन दिवस तिनं अपवाद ठरवून हिशेबातून काढले होते, आणि का काढले त्याचं समर्थनही तळटीपेत केलं होतं. म्हणजे छबुबाईची ती म्हातारी, दगडाबाई, रोज साडेसातला उठून येत होती. म्हणजे ती कुठून तरी लांबून हंडा आणत असणार, कारण वस्तीवरचा हातपंप डिसेंबरातच आटला होता. त्यातला पहिला तांब्या ती डब्यात ओतत असणार, मग उरलेलं पाणी घरात. सत्तरीच्या पुढची बाई. बबितानं तिला एकदाच पाहिलं होतं, ओट्यावर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलताना, आणि म्हातारीनं विचारलं होतं, "हे मातीत घालून उगवतंय का काही?" सगळे हसले होते. बबिताही हसली होती आणि मग तिनं अँटेनाची पोहोच मोजायला पुढच्या रानाकडे मोर्चा वळवला होता.

तिला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. तसं म्हणायची तिची तयारीही झाली होती, मनात वाक्य जुळत होतं. पण फेब्रुवारीत एके दुपारी तिनं तो रकाना उघडला होता. उत्तरांच्या हिरव्या आकड्यांमागे एक लपलेला रकाना होता, कोणत्या खोक्यानं खरोखर उत्तर दिलं आणि कुणाचं धरून चाललोय ते सांगणारा. बावीसपैकी एकवीस जागी शून्य होतं. काहींच्या बॅटऱ्या संपल्या असाव्यात, काहींच्या अँटेना शेळ्यांनी खाल्ल्या असाव्यात; ज्यांच्या ताब्यात दिली ती माणसं कारखान्यावर, बघणार कोण? एकटं सात बोलत होतं. तेव्हा बबिताला काय वाटलं होतं? ते तिला लख्ख आठवत होतं आणि आठवायला नको होतं. तिला आनंद झाला होता. एका खोक्याच्या बॅटरीवर बावीस उत्तरं. इतका कमी खर्च जगात कुणाच्या शोधनिबंधात नव्हता. तिनं त्याच दिवशी आलेख काढला. गावाला जाऊन यावं, बघून यावं, हा विचार आला नव्हता असं नाही. तो आला आणि गेला. मार्चमध्ये मंडळाचा ओलावा एकतीसवर उभा राहिला, आजूबाजूची मंडळं अठरा, सोळा, चौदावर उतरली, तेव्हाही तिनं कारण शोधून काढलं, जवळच्या तलावाचा पाझर. त्या तलावात तेव्हा पोरं क्रिकेट खेळत होती. हे तिला बीडमध्ये बसून कळलं नाही, कळायचं कारण नव्हतं, तिनं तलावाला विचारलंच नव्हतं.

दुष्काळ योजनेच्या कार्यालयाला मात्र तिच्याच यंत्रणेतून उत्तर जायचं. वीस टक्क्यांच्या खाली गेलेल्या मंडळात चारा छावणी, वर असलेल्यात नाही. शुक्रवारी पाचला कार्यालय एकदा आकडा विचारणार, आणि त्यावरून दुसरी, शेवटची यादी लागणार. त्यापूर्वी लेखी हरकत आली तर आकडा बाजूला ठेवून माणूस पाठवून पाहणी करायची, असं नियमात होतं. नंतर या हंगामात काही नाही. हा नियम तिला पाठ होता, कारण मसुदा लिहिणाऱ्या समितीत ती होती आणि हरकतीचं कलम तिनंच आग्रहानं घालून घेतलं होतं.

बाराच्या सुमारास वीज गेली. पंखा थांबला, स्क्रीन बॅटरीवर चालू राहिला. उकाड्यात मातीचा वास वाढला, आणि त्या वासानं तिला बीडमधून उचलून आष्टीजवळच्या शाळेत नेऊन बसवलं. शेणानं सारवलेली जमीन, पाण्याचा सडा मारलेला, कारण तपासणी होती. ती तिसरीत होती. तिचे आईबाप कारखान्यावर गेलेले, ती चुलत्याकडे राहिलेली, म्हणून वर्गात होती. बाकीची अर्धी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर तोडीला जायची ती होळीनंतर परतायची. त्रिंबक गुरुजी चांगले होते. मारायचे नाहीत, पाढे म्हणून घ्यायचे. तपासणीच्या सकाळी त्यांनी उरलेल्या पोरांना दोन-दोन, तीन-तीन नावं वाटून दिली. साहेब नाव घेतील तेव्हा मान खाली घालून 'हजर' म्हणायचं, दुसऱ्या नावाला जरा वेगळ्या आवाजात. पट पडला असता तर शाळा बंद झाली असती, गुरुजींची बदली झाली असती. बबिताला सुरेखा मिळाली. सुरेखा तिच्या शेजारची, एकाच पाटीवर लिहिणारी, तेव्हा सांगलीकडे कुठल्या तरी कोपीत उसाच्या पाचटावर झोपत होती. बबितानं सुरेखाचं 'हजर' नाकातून काढलं होतं, कारण सुरेखाला कायम सर्दी असायची. साहेबांनी वर पाहिलं, पोरगी कोण ते पाहिलं नाही, बरोबरची खूण केली. गुरुजींनी मागून तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची ऊब तिला आजही सांगता आली असती. त्या वर्षी ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह यायचं होतं गावात. चार महिने पोरांना शाळेतच ठेवायचं, जेवण तिथंच. आलं नाही. गावात गैरहजर मूल नव्हतं. पुढच्या दिवाळीला सुरेखा पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याला शाळेत तिचं नावच राहिलं नाही, आणि पंधराव्या वर्षी ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या टोळीतून उसात उतरली. बबिता शिकत गेली. कधी तरी, एम.टेक.ला असताना, फळ्यावर गैरहजर नोडच्या जागी शेजाऱ्याचं उत्तर धरायचं गणित तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वर्गातल्या कुणाहीपेक्षा तिला ते लवकर समजलं होतं. सरांनी कौतुकानं विचारलं होतं, हे आधी कुठं शिकलीस? तिनं नाही म्हणून मान हलवली होती.

दीडला विजयसिंह सर आले. ते विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. घर पाच पिढ्यांचं जमीनदार, थोरले भाऊ राजकारणात, आणि यांना आवाज चढवायची कधी गरज पडली नाही, तशी सवयच नव्हती. त्यांनी डबा पाहिला, खोकं पाहिलं, बोटानं माती दाबून पाहिली.

"कुंडी छान आहे," ते म्हणाले. "सोमवारी परीक्षकांसमोर ठेवायची का?"

तिनं सांगितलं. सरळ, क्रमानं, काही न गाळता सांगितलं. सांगताना तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं, जणू ती दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातली चूक दाखवत होती. सर खुर्ची ओढून बसले.

"बघ बबिता. गणित चुकलंय का?"

"नाही सर."

"मग प्रबंध चुकलेला नाही. माहिती चुकीची आली. ती शेतकऱ्याच्या हातून आली. हे जगात सगळीकडे होतं."

"पण सर, छावणी—"

"छावणी कार्यालयाचा विषय आहे. त्यांनी आकडा विचारला, आपण आकडा दिला. आकडा खरा आहे का, हे कुणी विचारलंय तुला? लेखी?" पुढचं ते अगदी मायेनं म्हणाले, "तू ऊसतोड्याची पोरगी. इथपर्यंत आलीस. मला ठाऊक आहे कशी आलीस. आज पत्र पाठवलंस तर सोमवारची परीक्षा मी थांबवू शकत नाही, पण परीक्षक थांबवतील. मग पुन्हा पेरणी, पुन्हा दोन वर्षं. संस्था थांबेल का तोवर? तासिकेवाले किती आहेत दारात, बघतेस ना. मी काही म्हणत नाही. हरकतीचं कलम तूच घातलं होतंस, तुझा अधिकार आहे." जाताना दारात वळून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. डबा, म्हणजे तिचा जेवणाचा डबा, पिशवीतच राहिला. सर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, हा विचारही सोयीचा आहे.

तीन वाजता तिला एक मधला रस्ता दिसला. पत्र लिहायचं नाही, कबूल काही करायचं नाही; फक्त सात नंबर यंत्रणेतून काढून टाकायचा. त्याचा खोटा ओलावा गेला की मंडळाचा आकडा आपोआप कोसळेल, पाचला कार्यालय विचारील तेव्हा वीसच्या खालीच उत्तर जाईल, छावणी लागेल, आणि सोमवारी कुणाला काही सांगावं लागणार नाही. एक नोड परत आला, म्हणून काढला, रोजचं काम. तिचा हात हलका झाला. तिनं सात पुसला, यंत्रणा पुन्हा सुरू होऊ दिली आणि मंडळाचा प्रश्न टाकला. या वेळी उत्तराला चार सेकंद लागले. ३०.६. खात्री ९३.

ती आकड्याकडे बघत राहिली. सात नव्हता, म्हणून यंत्रणेनं त्याच्या एकवीस शेजाऱ्यांवरून अंदाज बांधला होता. आणि त्या शेजाऱ्यांचे पाच महिन्यांचे आकडे सातवरूनच धरलेले होते. दगडाबाईचा तांब्या सगळ्या शिवारात मुरला होता. तो आता एका जागेहून उपसता येण्यासारखा राहिला नव्हता. यंत्रणा कुणालाच न विचारता, कुणीच बोलत नसताना, स्वतःच्या जुन्या उत्तरांवरून नवी उत्तरं देत राहिली असती, पावसाळ्यापर्यंत, त्याच्याही पुढे. बबितानं एकेक करून सहा नोड काढले. ३०.१. दहा काढले. ३०.३. आकडा वर चढला. तिला हसू आलं, मोठ्यानं आलं, आणि शेजारच्या लॅबमधल्या कुणी तरी भिंतीवर टकटक केली.

पूर्ण यंत्रणा बंद करणं किंवा पत्र लिहिणं, दोन्हींचा अर्थ एकच होता, कबुली. पावणेचारला तिनं पत्र लिहिलं. चार ओळी. नोड क्रमांक सात नोव्हेंबरपासून शेतात नव्हता. उर्वरित एकवीस नोड बंद आहेत. मंडळाचा आकडा ग्राह्य धरू नये, प्रत्यक्ष पाहणी व्हावी. या चुकीची जबाबदारी माझी आहे. खाली नाव. वाचून पाहिलं, शुद्ध होतं. चौथी ओळ तिनं काढली, पुन्हा घातली, 'माझी' ऐवजी 'प्रकल्पाची' केलं, पुन्हा 'माझी' केलं. सव्वाचारला पत्र तयार होतं. पाठवायचं बटण डाव्या हाताला, खाली. साडेचारला कॉलेजचा शिपाई चहाचा कप ठेवून गेला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "म्याडम, घरी न्यायची का कुंडी? रिक्षा बगू?" तिनं नको म्हटलं. पावणेपाचला तिला वाटलं, आईला एकदा फोन करावा. आई आष्टीला, थकलेली, पोरगी डॉक्टर होणार असं गल्लीत सांगत फिरणारी. कसली डॉक्टर ते तिला सांगता येत नसे, दुखणं घेऊन आलेल्या बायकांना ती म्हणे, थांबा सोमवारपर्यंत. बबितानं फोन उचलला आणि ठेवला. तिला कुणाची परवानगी नको होती, मनाई हवी होती, आणि मनाई करणारं कुणी उरलं नव्हतं.

मग ती घड्याळ बघत बसली. हे तिनं नंतर स्वतःपासून लपवलं नाही, तेवढा तिचा अभ्यास काटेकोर होता. ती विसरली नाही, झोप लागली नाही, इंटरनेट गेलं नाही, वीजसुद्धा सव्वादोनलाच परत आली होती. ती चार वाजून सत्तावन्नला बटणावर बोट ठेवून बसली होती आणि पाच वाजून तीन मिनिटांना अजून तशीच बसली होती. मधल्या सहा मिनिटांत तिच्या मनात फारसं काही नव्हतं. पाच वाजता यंत्रणेच्या नोंदीत कार्यालयाचा प्रश्न उमटला आणि त्याच सेकंदात उत्तरही: नांदूरघाट मंडळ, ३०.३. पाच वाजून वीस मिनिटांनी तिनं पत्र पाठवलं. एक अक्षर न बदलता. पावणेसहाला उत्तर आलं, एका ओळीचं: आपले पत्र विहित मुदतीनंतर प्राप्त झाले असून दप्तरी नोंद घेण्यात आली आहे.

तिला बरं वाटलं. खरंच वाटलं; पोटापासून वर आलेलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. तिनं पत्र पाठवलं होतं. ते तारखेसकट दप्तरी होतं, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येणार होतं, आणि त्यानं कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. दप्तरातली नोंद सोमवारच्या आत कुणी उघडणार नाही हे तिला माहीत होतं. तिनं पोळीभाजीचा डबा काढला, आंबूस झालेली भाजी बाजूला सारली आणि कोरड्या पोळीचे दोन घास खाल्ले. त्याच वेळी फोन वाजला. वहीतलाच नंबर. मागे एसटी स्टँडचा गलका.

"बाई, म्या छबू. बाराची गाडी चुकली, नांदूरघाटला उतरले आत्ता. यादीचं काही कळलं का? इथं कुनाला ठावं न्हाई."

"यादी लागली," बबिता म्हणाली. "तुमच्या मंडळाचं नाव नाही त्यात. पण मी पत्र पाठवलंय, छबुबाई. यंत्राचा आकडा चुकीचा आहे, येऊन पाहणी करा म्हणून."

छबुबाईचा आवाज बदलला, उजळला. "तुमी धाडलं? सोता?"

"हो."

"हापिसाला पोचलं?"

"पोचलं. नोंद झाली."

"आगं मंगल," छबुबाई फोन बाजूला धरून ओरडली, "इकडं ये. न्हाई न्हाई, टेम्पोवाल्याला सांग, रविवारी येऊ नको म्हनावं. बाईनं कागद धाडलाय. पोचलाय बी." पुन्हा फोनवर ती म्हणाली, "माझी जाऊ हाय बाई, मंगल. तीन म्हशी हायत्या, रविवारी चढवनार व्हती टेम्पोत. म्या म्हनलं, थांब, आपल्या बाईचा शब्द पडलाय आता. समद्या वस्तीला सांगते, कुनी जनावर हलवायचं न्हाई. चारा काय, आठ-पंधरा दिस कडबा उसना आनू, निभंल. पाहनीला येतील न्हवं तवर?"

हे सांगायची जागा होती. पत्र वीस मिनिटं उशिरा गेलं, कुणी येणार नाही, म्हशी रविवारी विका, आज भाव आहे तो पंधरा दिवसांनी मिळणार नाही, हाडं निघाल्यावर कुणी घेणार नाही. चार वाक्यं होती. तिला चार वाक्यांत लिहिता येत असे.

"बाई? ऐकू येतंय न्हवं? येतील न्हवं ते?"

"येतील," बबिता म्हणाली.